तेजीत बाजार वाचायचा कसा? नव्याने आलेल्यांसाठी

१६ सप्टेंबर २०२४, सोमवार. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी, त्यामुळे सोसायटीच्या मंडपात आरतीला एरवीपेक्षा जास्त गर्दी. आरती संपते न संपते तोच मागच्या रांगेत मोबाइल बाहेर आले. त्या दिवशी सकाळी बजाज हाउसिंग फायनान्सचा शेअर बाजारात दाखल झाला होता. इश्यूची, म्हणजे कंपनीने पहिल्यांदा लोकांना शेअर विकायला काढले तेव्हाची, किंमत ७० रुपये, पहिला भाव १५०. दुसऱ्या मजल्यावरच्या एका तरुणाला एक लॉट लागला होता, म्हणजे २१४ शेअर. १४,९८० रुपयांचे सकाळी दहा वाजता ३२,१०० झाले होते. खिरापतीची वाटी हातात तशीच धरून तो मला म्हणाला, "काका, आता दुसरं काय घेऊ?"

अकरा दिवसांनी, २७ सप्टेंबरला निफ्टी २६,२७७ पर्यंत गेला आणि तिथून उतरायला लागला. एप्रिल २०२५ च्या सुरुवातीला तो २१,७४३ पर्यंत खाली आला. त्या आरतीच्या संध्याकाळी यातलं काहीही मला माहीत नव्हतं, आणि आपल्याला माहीत होतं असं जो आज सांगतो त्याच्यापासून चार हात लांब राहा. त्यामुळे 'कधी विकायचं' याचं उत्तर या लेखात मिळणार नाही. बाजाराचा कल आणि माणसांचा मूड या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तेजीत त्या एकमेकींत इतक्या मिसळतात की नवा माणूस मूडलाच कल समजून बसतो. त्या सुट्या करून कशा बघायच्या, ते मी त्या मुलाला पुढच्या काही रविवारी सांगितलं. तेच इथे थोडं सावरून लिहितोय.

पायरी १: अंक सोडा, टक्के धरा

सेन्सेक्समध्ये ३० कंपन्या, निफ्टीत ५०. बाजार चढला की उतरला हे साधारण या दोन निर्देशांकांवरून ठरवतात. बातम्यांमध्ये मात्र अंक ओरडून सांगतात: 'सेन्सेक्स हजार अंकांनी कोसळला!' ८०,००० वर असलेल्या सेन्सेक्समधून हजार अंक गेले तर ती सव्वा टक्क्याची घसरण झाली. २१ जानेवारी २००८ ला सेन्सेक्स १,४०८ अंकांनी पडला, ते मात्र सात टक्क्यांहून जास्त होतं. अंक दीडपटही नाहीत, मार मात्र पाचपटींहून जास्त.

दुसरं, कुठून मोजताय ते बघा. २३ मार्च २०२० ला निफ्टी एका दिवसात सुमारे १३ टक्के पडून ७,६१० वर बंद झाला होता. तिथून २६,२७७ म्हणजे साडेचार वर्षांत जवळजवळ साडेतीनपट. पण हा चढ सरळ नव्हता. ऑक्टोबर २०२१ मध्ये १८,६०४ ला गेलेला निफ्टी जून २०२२ मध्ये १५,१८३ वर होता, १८ टक्के खाली. लोक म्हणायला लागले, संपली तेजी. संपली नव्हती. ढोबळ हिशेब असा की वरच्या टोकापासून १० टक्के उतरला तर ती घसरण, २० टक्के उतरला तर मंदी. हा काही निसर्गनियम नाही, बोलायच्या सोयीसाठी ठरवलेली रेघ आहे.

कल बघायला एकच साधन वापरायचं तर २०० दिवसांची सरासरी वापरा. गेल्या २०० दिवसांच्या बंद भावांची सरासरी काढून काढलेली ती रेघ कुठल्याही चार्टवर एका बटणात दिसते. निर्देशांक रेघेच्या वर आणि रेघही वर झुकलेली, तर कल वरचा. रेघेच्या खाली महिनाभर रेंगाळला, तर सावध. सुरुवातीला एवढं पुरे. चार्टवर आठ-दहा रंगीत रेघा ओढणाऱ्यांचे व्हिडिओ बघायला मजा येते, खातं त्यांनी भरत नाही.

पायरी २: दिंडीत किती जण आहेत ते मोजा

निर्देशांक ही पालखी. ती पुढे गेली म्हणून सगळी दिंडी पुढे गेली असं होत नाही. एनएसईवर, म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजारात, रोज अडीच हजारांहून जास्त शेअरचे व्यवहार होतात. त्यातले किती चढले, किती उतरले हा आकडा रोज संध्याकाळी फुकट मिळतो. निफ्टी वर आणि तरी उतरलेल्यांची संख्या चढलेल्यांच्या दुप्पट, असं आठवडेच्या आठवडे चाललं, तर तेजी मूठभर मोठ्या कंपन्यांच्या खांद्यावर उभी आहे असं समजायचं.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. २०१७ च्या दिवाळीनंतर ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने एका छोट्या कंपनीचं नाव सांगितलं. रोज पाच टक्क्यांचं अप्पर सर्किट लागत होतं, म्हणजे दिवसाला जेवढा वाढू देतात तेवढा वाढून शेअर सकाळीच कुलूपबंद. घ्यायला मिळत नाही, म्हणजे नक्कीच काहीतरी भारी असणार, असं माझं तर्कशास्त्र. चौथ्या दिवशी मिळाला. मला वाटलं, नशीब उघडलं. विकणारा अचानक कुठून आला, हा प्रश्न तेव्हा पडला नाही.

जानेवारी २०१८ नंतर छोट्या कंपन्या घसरायला लागल्या. एका सकाळी सव्वानऊला ॲप उघडलं. माझ्या शेअरसमोर घेणाऱ्यांच्या रकान्यात शून्य. विकणाऱ्यांच्या रकान्यात सव्वाचार लाख शेअर रांगेत, आणि माझे दोनशे त्या रांगेच्या शेपटाला. लोअर सर्किट. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. स्क्रीनवर भाव दिसतो, पण त्या भावाला घेणारा कोणीच नाही. असा भाव शोभेचा. नवव्या दिवशी सुटका झाली तेव्हा घातलेल्यातले निम्मेही उरले नव्हते. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष कंपनीपेक्षा माझ्या घाईचा होता.

गंमत पुढे आहे. निफ्टी त्यानंतरही चढत राहिला आणि जानेवारी २०२० मध्ये १२,४०० च्या वर गेला. छोट्या कंपन्यांचा निर्देशांक मात्र जानेवारी २०१८ पासून मार्च २०२० पर्यंत घसरत घसरत एक-तृतीयांशावर आला. टीव्हीवर तेजी आणि खात्यावर मंदी असा तो काळ होता. तेव्हापासून निफ्टीबरोबर मिडकॅप आणि स्मॉलकॅपचे, म्हणजे मध्यम आणि छोट्या कंपन्यांचे, निर्देशांकही बघतो.

पायरी ३: पैसा कोणाच्या खिशातून येतोय

रोज संध्याकाळी शेअर बाजार दोन आकडे जाहीर करतात: परदेशी संस्थांनी, म्हणजे एफआयआयनी किती घेतलं-विकलं, आणि देशी संस्थांनी, म्हणजे डीआयआयनी किती. डीआयआयमध्ये म्युच्युअल फंड, विमा कंपन्या वगैरे येतात. एका दिवसाच्या आकड्याला काही अर्थ नसतो. महिन्याची बेरीज बघा.

पूर्वी परदेशी निघाले की बाजार भुईसपाट व्हायचा. २००८ मध्ये तेच झालं: जानेवारीत २१,००० ओलांडलेला सेन्सेक्स ऑक्टोबरमध्ये ८,००० च्या खाली जाऊन आला. ऑक्टोबर २०२४ मध्ये परदेशी संस्थांनी एका महिन्यात ९०,००० कोटींहून जास्त रकमेची विक्री केली, तरी तेवढी पडझड झाली नाही, कारण समोर देशी पैसा उभा होता. त्याच महिन्यात एसआयपीतून, म्हणजे म्युच्युअल फंडांत दरमहा जाणाऱ्या ठरावीक हप्त्यांतून, पहिल्यांदाच २५,००० कोटींहून जास्त रक्कम आली. हा पैसा तुमचा-आमचाच, पगार झाल्यावर पाच किंवा दहा तारखेला आपोआप कापला जाणारा.

हा मोठा आधार आहे, नाकारत नाही. पण आधार देणाराही माणूसच असतो. जानेवारी २०२५ मध्ये जेवढ्या नव्या एसआयपी सुरू झाल्या त्यापेक्षा जास्त बंद झाल्या किंवा संपल्या. चार महिने खातं लाल दिसलं की 'दीर्घ मुदत' आखडायला लागते.

पायरी ४: भाव आणि कमाई

पी/ई म्हणजे कंपनीच्या एक रुपया कमाईसाठी बाजार किती रुपये मोजतोय. निफ्टीचा पी/ई एनएसईच्या संकेतस्थळावर रोज मिळतो. सप्टेंबर २०२४ मध्ये तो २४ च्या आसपास होता. भाव वाढतोय आणि कमाईही वाढतेय, तर तेजीला पोटात अन्न आहे. कमाई जागच्या जागी आणि पी/ई फुगतोय, तर नुसता उत्साह.

एक खड्डा दाखवून ठेवतो. जुन्या तक्त्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये निफ्टीचा पी/ई ४० च्या वर दिसेल. तेव्हा टाळेबंदीमुळे कंपन्यांची कमाई आक्रसली होती, आणि मोजणीही फक्त मूळ कंपनीच्या कमाईवर होत होती, उपकंपन्या धरून नव्हे. मार्चअखेर पद्धत बदलली आणि एका रात्रीत आकडा ४० वरून ३३ च्या आसपास आला. बाजार होता तिथेच होता. त्यामुळे आधीचे आणि नंतरचे पी/ई शेजारी ठेवून 'इतिहासातला सर्वांत महाग बाजार' असं कोणी सांगत असेल, तर त्याला पद्धत बदलल्याचं ठाऊक आहे का ते विचारा.

पायरी ५: मूड मोजायच्या चार जागा

इथे थोडं थांबू, कारण नवे लोक घसरतात ते इथेच.

पहिली जागा इंडिया व्हिक्स. पुढच्या महिनाभरात बाजार किती हेलकावे खाईल याबद्दल ऑप्शनच्या, म्हणजे बाजारातल्या विम्यासारख्या करारांच्या, भावांत दडलेला अंदाज. मार्च २०२० मध्ये तो ८० च्या वर गेला होता, शांत तेजीत १२-१३ च्या आसपास असतो. व्हिक्स कमी म्हणजे धोका कमी असं नाही. छत्री कोणी विकत घेत नाहीये, एवढंच त्यातून कळतं. पाऊस येईल की नाही ते नाही कळत.

दुसरी जागा आयपीओ, म्हणजे कंपनीचा पहिला इश्यू. तेजीत प्रवर्तकांना, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांना, चांगला भाव मिळतो, म्हणून इश्यूंची रांग लागते. ते कधी विकतात हे लक्षात ठेवा, त्यांना त्यांची कंपनी तुमच्यापेक्षा जास्त माहीत असते. जानेवारी २००८ मध्ये रिलायन्स पॉवरचा इश्यू ७० पटींहून जास्त भरला आणि ११ फेब्रुवारीला पहिल्याच दिवशी शेअर इश्यू किमतीच्या खाली बंद झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्लीतल्या दोन शोरूम आणि आठ कर्मचारी असलेल्या एका दुचाकी विक्रेत्याने लघुउद्योगांच्या मंचावर साधारण १२ कोटींचा इश्यू आणला. मागणी आली ४,७०० कोटींहून जास्त. विक्रेत्याने काही गैर केलं नव्हतं. अर्ज भरणाऱ्यांनी मात्र शोरूमकडे न बघता ग्रे मार्केटच्या प्रीमियमकडे (जीएमपी), म्हणजे शेअर दाखल होण्याआधी बाजाराबाहेर बोलल्या जाणाऱ्या जादा भावाकडे, बघितलं असणार. 'कंपनी काय करते' याआधी 'जीएमपी किती' हा प्रश्न यायला लागला की मूड वहीत टिपून ठेवा.

तिसरी जागा घसरणीनंतरची प्रतिक्रिया. ३ जून २०२४ ला एक्झिट पोलच्या जोरावर निफ्टी तीन टक्क्यांहून जास्त चढला. ४ तारखेला लोकसभेचे निकाल लागत असताना जवळजवळ सहा टक्के पडला. आणि त्याच आठवड्यात बाजार पुन्हा विक्रमी पातळीवर. 'पडला की घ्या' हे सूत्र अशा वेळी अंगात भिनतं. दहा वेळा बरोबर ठरलं की अकराव्या वेळी माणूस विचार करत नाही, एफडी मोडून घेतो. ऑक्टोबर २०२४ पासून पुढे जो जो पडल्यावर घेत गेला, त्याला त्याहून खालचे भाव महिनोन् महिने दिसत राहिले.

चौथी जागा आपल्या भोवतालची बोली. मंदीत लोक शेअरबद्दल बोलतच नाहीत. तेजीच्या सुरुवातीला म्हणतात, "आता कशाला, पडेल." मध्यावर, "थोडे घातलेत." आणि नंतर नंतर एफडीवाल्या माणसाची कीव करायला लागतात. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाण्याच्या टँकरपेक्षा टार्गेट प्राइसचे मेसेज जास्त यायला लागले होते, तेव्हा मी ते तारखेसह टिपलं होतं. मार्च २०२० मध्ये देशात चार कोटींच्या आसपास डीमॅट खाती होती, सप्टेंबर २०२४ पर्यंत ती १७ कोटींच्या पुढे गेली. यातल्या बहुतेकांनी लांबलेली मंदी पाहिलेलीच नाही. हा दोष नव्हे, फक्त वय आहे.

आता या सगळ्याची मर्यादा. ११ मार्च २०२४ ला शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या तेव्हाच्या अध्यक्ष माधबी पुरी बुच छोट्या-मध्यम कंपन्यांच्या भावात काही ठिकाणी फेस दिसतोय अशा अर्थाचं बोलल्या. दोनच दिवसांत स्मॉलकॅप निर्देशांक एका दिवसात पाच टक्क्यांहून जास्त आपटला. शहाणे लोक विकून मोकळे झाले. पुढचे सहा महिने तेच शेअर आणखी चढले. इशारा चुकीचा नव्हता, पण तो घड्याळ नव्हता. भांडं किती भरलंय ते मूडवरून कळतं, कधी सांडेल ते नाही. म्हणूनच नुसत्या मूडवरून सगळं विकू नका आणि नुसत्या मूडवरून कर्ज काढून घेऊही नका.

पायरी ६: सातवीतल्या मुलासारखी वही घाला

ॲपमध्ये नको, कागदावर. दोनशे पानी वही घ्या आणि पाच रकाने आखा: तारीख, काय केलं, का केलं, कोणाकडून ऐकलं, आणि मूड. शेवटचा रकाना महत्त्वाचा, आणि तोच भरायला लाज वाटते.

माझं त्या सोमवारचं पान असं आहे: '१६/९/२४. काही घेतलं नाही. पोराच्या १७,१२० च्या फायद्याचा हेवा वाटला. रात्री साडेदहाला चालू असलेल्या तीन इश्यूंचे जीएमपी बघितले. कंपन्या काय करतात ते एकाचंही वाचलं नाही. मूड: हावरा.' वीस वर्षं बाजारात काढलेल्या माणसाचं हे पान आहे.

'का केलं' या रकान्यात 'वाढतोय म्हणून' असं लिहावं लागलं, तर ऑर्डर दुसऱ्या दिवसावर ढकला. एवढा एक नियम पाळला तरी वहीचे पैसे वसूल.

पायरी ७: हिस्सा ठरवा आणि त्याला जागेवर आणा

समजा तुमच्याकडे १० लाख आहेत. ठरवलंत की ६ लाख शेअर आणि इक्विटी फंडात, ४ लाख एफडी-पीपीएफमध्ये. तेजीत ६ चे ९ झाले. एकूण १३ लाख, त्यात शेअरचा हिस्सा ६९ टक्के. तुम्ही काहीही न करता तुमची जोखीम वाढली. पुन्हा ६० टक्क्यांवर यायचं तर शेअरमध्ये ७ लाख ८० हजार हवेत, म्हणजे १ लाख २० हजारांचे विका. त्यात फायदा साधारण ४० हजारांचा. वर्षाहून जास्त काळ ठेवलेले असतील तर जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पापासून वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर कर नाही, त्यापुढे साडेबारा टक्के. वर्षाच्या आत विकलंत तर २० टक्के.

हे वर्षातून एकदाच करा. मी पाडव्याच्या आठवड्यात करतो. त्या सुमारास आर्थिक वर्षही संपत असतं, त्यामुळे हिशेब एकाच बैठकीत होतो. विकलेलं नंतर वर गेलं की चुटपुट लागते. लागू दे, वहीत लिहा.

फ्यूचर-ऑप्शनबद्दल, म्हणजे पुढच्या भावावर केलेल्या सौद्यांबद्दल, एवढंच: सेबीच्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत, भर तेजीत, वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले, आणि एकूण तोटा १.८ लाख कोटींहून जास्त. यावर मला आणखी काही म्हणायचं नाही.

शनिवारची वीस मिनिटं

रोज बघायची गरज नाही. शनिवारी सकाळी चहाबरोबर एका ओळीत सहा गोष्टी लिहा: निफ्टी २०० दिवसांच्या रेघेच्या वर की खाली, आठवड्यात चढलेले-उतरलेले शेअर, एफआयआय-डीआयआयची महिन्याची बेरीज, पी/ई, व्हिक्स, आणि तुमचा मूड. पहिले दोन महिने त्यातून काही कळणार नाही. सहा महिन्यांनी मागची पानं चाळा, मग दिसायला लागतं.

दुसऱ्या मजल्यावरच्या त्या मुलाला मी दसऱ्याला अशी वही दिली. त्याने हसून घेतली, वापरेल असं वाटलं नव्हतं. मार्च २०२५ च्या पहिल्या शनिवारी त्याने पानाचा फोटो पाठवला. निफ्टी रेघेच्या खाली, एफआयआय विक्री, सगळे आकडे नीट भरलेले. मूडच्या रकान्यात, खोडून पुन्हा लिहिलेलं: 'अकरा दिवस ॲप उघडलं नाही.'